मानेवरची रेघ

मुलीला घेऊन बायको आठ दिवसांसाठी माहेरी गेली होती. सोमवारी सकाळी उस्तादांना जाग आली तेव्हा घरात पंख्याच्या घरघरीशिवाय कसलाही आवाज नव्हता. सोमवारी त्यांचं सलून बंद. एरवी ही सुट्टी माळा आवरणं, गळका नळ दुरुस्त करणं असल्या कामांत जायची. आज काम सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी लोळत लोळत दोन कप चहा घेतला, पेपर जाहिरातींसकट वाचून काढला आणि बावीस वर्षं मनात दडवलेली इच्छा एकदाची बाहेर काढली. उस्तादांना कुणाकडून तरी डोकं धुवून घ्यायचं होतं. गार खोलीत, मऊ खुर्चीत, डोळे मिटून.

इच्छा साधी होती, पण त्यांच्यासारख्याला ती झेपणारी नव्हती. उस्तादांचा सगळा दरारा गिऱ्हाइकांच्या मानेवर उभा होता. गिऱ्हाईक बसलं की ते आधी मानेवरची, केस संपतात तिथली रेघ बघत, आणि मध्ये दुसऱ्या कुणाचा हात लागलेला दिसला की चारचौघांत विचारत, "कुठं जाऊन आलात?" एकाने घाईघाईत स्टेशनजवळ केस कापून घेतले, तर त्याला वर्षभर ऐकावं लागलं होतं. असा माणूस स्वतःच दुसऱ्याच्या खुर्चीत सापडला असता, तर गिऱ्हाइकांनी त्याचं हसं केलं असतं. स्वतःचे केस ते दोन आरशांच्या मध्ये उभं राहून स्वतःच कापत, आणि ते बरे दिसतात अशी त्यांची समजूत होती.

म्हणून ते टोपी घालून, काळा चष्मा लावून दोन बस बदलत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. तिथं एक काचेच्या दाराचं सलून होतं. आत गारवा होता, दोन खुर्च्या होत्या, आणि सगळा कारभार एकटी सांभाळणारी एक बाई होती. उस्तादांनी टोपी काढली. बाई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि केस दोन्ही बाजूंनी निरखू लागली.

"सर, आधी कुणाकडे कापले होते?"

"आहे आमच्याकडे एक."

"तुमच्यावर राग आहे का त्याचा?"

"नाही हो. चांगला कारागीर आहे. नाव आहे त्याचं."

"डावी बाजू बरी आहे तशी," बाई समजूत घातल्यासारखी म्हणाली. "उजवीकडे आला तेव्हा कुणाचा तरी फोन आला असेल."

एरवी या वाक्यावर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं असतं. पण तेवढ्यात कोमट पाणी डोक्यावर पडलं, बाईची बोटं टाळूवरून फिरू लागली आणि उस्तादांचा राग फेसाबरोबर वाहून गेला. लोक आपल्या खुर्चीत घोरतात ते का, हे त्यांना बावीस वर्षांनी कळलं. डोकं पुसून झालं तेव्हा त्यांचा अर्धा डोळा लागलेला होता.

तेवढ्यात दार उघडलं. "ताई, गेल्या वर्षीसारखेच कापायचे," असं म्हणत कुणीतरी आत आलं, आणि उस्तादांची झोप खाडकन उतरली. आवाज हेडमास्तरांचा होता. निवृत्त हेडमास्तर, त्यांचं अठरा वर्षांचं गिऱ्हाईक. महिनाभर मुलीकडे जातोय म्हणून परवाच निरोप घेऊन गेले होते.

दुसरा दिवस असता तर उस्तादांनी त्यांना रंगेहाथ पकडलं असतं. आज पकडायला जावं तर आपणच आधी सापडणार. त्यांनी टॉवेलमध्ये तोंड खुपसलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "तोंडाला लावायचा लेप असतो ना तुमच्याकडे?"

"फेसपॅक? आहेत ना. कुठला लावू?"

"सगळ्यात जाड."

"बरं. पण लावल्यावर वीस मिनिटं बोलायचं नाही, भेगा पडतात."

"उत्तम," उस्ताद पुटपुटले.

काळ्या लेपाखाली डोळे तेवढे उघडे ठेवून ते पडून राहिले. शेजारच्या खुर्चीत हेडमास्तरांनी चष्मा काढून समोरच्या फळीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना आरशातला स्वतःचा चेहराही दिसत नसे. पण उस्तादांना आता त्यांच्या डोळ्यांची नाही, तोंडाची भीती वाटू लागली होती, कारण ते बोलायला लागले होते.

"इथं किती शांत वाटतं, ताई. आमचा उस्ताद आहे ना, हात सोन्याचा, पण जिभेला सुट्टी नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांपासून सुरू करतो तो थेट माझ्या गुडघ्यापर्यंत येतो. दर वेळी तेच. 'सर, गुडघा कसा आहे?'"

"मग कायमचे इकडेच या की, काका."

"छे, छे. वर्षातनं एकदा येतो, मुलीकडे जातो म्हणून सांगून. मग केस वाढेपर्यंत त्या गल्लीत पाऊल टाकत नाही. मानेवरनं ओळखतो तो."

उस्तादांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. गिऱ्हाईक गप्पांसाठी येतं असं ते आजवर धरून चालले होते. इथं तर एक माणूस त्यांच्या गप्पा चुकवायला महिनाभर वाट वाकडी करून चालत होता. लेपाला गालावर एक बारीक भेग पडली.

"सोडवत नाही पण त्याला," हेडमास्तर पुढं म्हणाले. "बायको दवाखान्यात होती, तेव्हा हा रोज सकाळी तिथं यायचा. बाहेरच्या बाकावर बसवून माझी दाढी करायचा. महिनाभर. आणि एक अक्षर बोलायचा नाही."

बाईने मशीन सुरू केली. मानेची डावी बाजू झाली, ती उजवीकडे वळली आणि मशीन बंद पडली. पाठोपाठ दिवे गेले, गारवाही गेला. दुसऱ्या मशीनचं चार्जिंग संपलेलं होतं. तिने शेजारच्या दुकानात विचारून आल्यावर सांगितलं, "तीन तास लाईट येणार नाही म्हणतात, काका."

"अहो, मी असा अर्धा कसा जाऊ? वाटेत उस्ताद भेटला तर?"

"हाताने रेघ काढायची मला सवय नाही, काका. मी मशीनवरच शिकले. वाकडी गेली तर?"

दाराच्या काचेतून येणाऱ्या उजेडात उस्तादांना ती मान दिसत होती. डावीकडे साफ, उजवीकडे झुडूप. अठरा वर्षं त्यांनी सांभाळलेली मान. ते दुसरीकडे बघू लागले. पंख्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पुन्हा मानेकडे पाहिलं. मग त्यांच्याच्याने राहवेना. ते उठले, बाईच्या हातातली कात्री आणि कंगवा घेतला आणि तिला खुणेने बाजूला केलं.

"अहो सर, तुम्ही—" बाई म्हणाली, आणि कात्री चालू झाली तशी मागे सरून त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

खोलीत फक्त कात्रीची टिकटिक ऐकू येत होती. उस्तादांनी अंगठ्याने कान हळूच दुमडून धरला, कंगवा टेकवला आणि खालून वर बेताने रेघ आणली. हेडमास्तर आधी काहीतरी बोलत होते, ते थांबले. उकाड्याने लेपाचे ओघळ शर्टावर उतरले, पण हात ढळला नाही. पाच मिनिटांत मान दोन्हीकडून सारखी झाली. बाईने खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगदी सरळ आली हो."

आणि मग उस्तादांच्या हातून, काम झाल्यावर आयुष्यभर होत आलं तेच झालं. त्यांची दोन बोटं गिऱ्हाइकाच्या खांद्यावर दोनदा टकटकली.

हेडमास्तरांचा हात आपसूक त्या खांद्याकडे गेला. मग त्यांनी चाचपडत फळीवरचा चष्मा उचलला. तो डोळ्यांना न लावता खिशात ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "या साहेबांना सांगा, गुडघा आता बरा आहे."

आणि चष्म्याशिवायच, भिंतीला धरत धरत, दार शोधून ते बाहेर पडले.

पंधरा दिवसांनी हेडमास्तर गल्लीत आले. सलून भरलेलं होतं. उस्तादांनी त्यांना बसवलं, कापड बांधलं आणि रिवाजाप्रमाणे मान पुढं वाकवून रेघ बघितली. बाकावरच्या लोकांनी कान टवकारले.

"मुलीकडे महिनाभर होतात ना? इतक्यात आलात?" उस्तादांनी विचारलं.

"करमेना."

उस्तादांनी रेघेवरून बोट फिरवलं. "बाहेरचा हात लागलेला नाही," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"नाहीच लागला," हेडमास्तर म्हणाले.

उस्तादांनी कात्री उचलली. दहा मिनिटं झाली तरी ते खड्ड्यांवर बोलले नाहीत, कशावरच बोलले नाहीत. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. हेडमास्तर खुर्चीत दोनदा हलले, एकदा खाकरले आणि शेवटी आरशात बघून म्हणाले, "उस्ताद, गुडघ्याचं विचारायचं राहिलं का आज?"