दियामला बोलू द्या!

"या सभागृहातला प्रत्येक सदस्य म्हणजे लाखभर जनतेचा गळा आहे, आणि लोकशाहीत या गळ्याला कुणीही नख लावू शकत नाही!" सभापती तान श्री बदरोल यांनी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसाची सुरुवात अशी दणक्यात केली. सदस्यांनी बाकं वाजवली. शेवटच्या रांगेतल्या हाजी जमहारींनीही वाजवली. निवडून आल्यापासून त्यांनी सभागृहात काढलेला हा सर्वांत मोठा आवाज होता.

हाजी काही मुके नव्हते. गावातल्या लग्नात त्यांच्या हाती माईक आला की जेवण गार झाल्याशिवाय सुटत नसे. पण सभागृहात उभं राहिलं की त्यांच्याआधी त्यांचे गुडघेच भाषण सुरू करायचे. त्यात नशिबाने मतदारसंघ दिला तोही दियाम. आमच्या सभागृहात सदस्याला त्याच्या नावाने पुकारत नाहीत, मतदारसंघाच्या नावाने पुकारतात. आणि मलय भाषेत 'दियाम' म्हणजे 'गप्प!' संथ नदीकाठच्या त्या गावाला ज्याने हे नाव ठेवलं, त्याला पुढे लोकशाही येणार आहे याची कल्पना नसावी.

आज मात्र बोलणं भाग होतं. दियामचा लाकडी धक्का पार कुजला होता. मागच्याच महिन्यात मासळीवाल्या माक सितम टोपलीसकट नदीत गेल्या. टोपली सापडली नाही. माक सितम सापडल्या, आणि तेव्हापासून हाजींबद्दल बोलत होत्या. निवडणूक तोंडावर आलेली. पक्षाने निरोप धाडला होता की आज धक्क्यावर बोला, नाहीतर तिकीट विसरा. सकाळी गावाहून पत्नी रोकियाचा फोनही आला. "अहो, सगळं गाव कॉफीच्या दुकानात टीव्हीसमोर बसणारे. आज तिथे तुम्ही बोलला नाहीत, तर घरी आल्यावर मी बोलेन."

सकाळी अंड्यांच्या भाववाढीवर चर्चा निघाली. कोंबड्या कमी घालतात, असं सरकार म्हणालं. मंत्री जास्त खातात, असं विरोधक म्हणाले. मग दोन्हीकडून कोंबड्यांनाही लाज वाटेल असा कलकलाट सुरू झाला. उलू पासिरचे सदस्य तर बाकावर चढायच्या बेतात होते. सभापती गरजले, "दियाम!"

हाजी ताडकन उठले. डोक्यावरची सोंगकोक टोपी सरळ केली. "आभारी आहे, सभापती महोदय. माझ्या मतदारसंघातला धक्का—"

"तुम्ही नाही हो! बसा!"

"पण आपण दियाम म्हणालात."

"मी त्यांना दियाम म्हणालो!"

"ते तर उलू पासिर आहेत," हाजी नम्रपणे म्हणाले.

सभागृह खो खो हसलं. हसणं थांबेना म्हणून सभापती पुन्हा ओरडले, "दियाम!" हाजी पुन्हा उठले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे इतक्या वेळा झालं, की शेजारच्या बुकित लादाच्या बाईंनी त्यांची बाही ओढली.

"हाजी, खुर्चीत स्प्रिंग आहे की तुमच्यात?"

"अहो, मला कसं कळणार कुठला दियाम माझा?"

"सोपं आहे. चिडून म्हणाले तर दुसऱ्याचा, साधं म्हणाले तर तुमचा."

हाजींना हे एकदम पटलं. दुर्दैव एवढंच, की दुपारपर्यंत सभापतींना साधं काही म्हणता येईनासं झालं होतं. त्यांनी पाणी मागितलं तरी शिपाई दचकत होता. त्यामुळे जेवणानंतर हाजींची खरोखरची पाळी आली, तेव्हा सभापती खेकसलेच, "दियाम!"

हाजींनी हाताची घडी घातली आणि शहाण्यासारखे बसून राहिले.

"दियाम!!"

हाजींनी ओठांवर बोटही ठेवलं.

"दियाम गैरहजर. पुढचे सदस्य—"

"मी आहे! हा काय, इथेच आहे!"

"मग उठला का नाहीत?"

"आपण चिडून म्हणालात, म्हणून गप्प बसलो."

"अहो, मी तुम्हाला बोला म्हणत होतो!"

"गप्प असं म्हणून?"

उलू पासिर याचीच वाट पाहत होते. "हरकतीचा मुद्दा! सकाळपासून दियामला वीस वेळा पुकारलं आणि वीस वेळा खाली बसवलं. लाखभर जनतेच्या गळ्याला लावलेलं हे नख नाही तर काय?"

सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी उसळलं, "दियाम आमच्या पक्षाचे आहेत! त्यांच्यावर अन्याय करायचा तर आम्ही करू, तुम्ही कोण?"

"दियामला बोलू द्या!" विरोधक ओरडले.

"गप्प कुणाला म्हणतोस रे?" ज्यांना अर्धंच ऐकू आलं ते ओरडले.

सभापतींनी तोंड उघडलं, तोच खालच्या टेबलावरून सभागृहाचे सचिव कुजबुजले, "तान श्री, तो शब्द तेवढा नको." सभापतींनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. त्यांच्याजवळचं एकमेव हत्यार गेलं होतं. "सदस्यांनी... कृपया... निःशब्दता धारण करावी," ते म्हणाले. याचा अर्थ न कळल्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

या सगळ्यात हाजी हात वर करून उभे होते. बुकित लादाच्या बाई त्यांच्यावरच करवादल्या, "हात खाली घ्या हो! इथे तुमच्या बोलण्याच्या हक्कासाठी घसा फोडतोय आम्ही, आणि तुम्ही मध्येच बोलायला काय बघता!"

शेवटी हाजींना बोलू दिलं जात नाही याच्या निषेधार्थ विरोधकांनी सभात्याग केला. भावनेच्या भरात हाजीही त्यांच्याबरोबर निघाले होते. बाईंनी कोट धरून मागे ओढलं.

कामकाज संपत आलं होतं. अर्धं सभागृह रिकामं होतं. सभापतींनी चष्मा पुसला आणि थकलेल्या, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "दियाम."

सगळे गप्प झाले. हाजी उठले. दिवसभर उठून-बसून त्यांचे गुडघे इतके शिणले होते, की थरथरण्याचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. आणि हाजी बोलले. एकेक कुजकी फळी त्यांनी सभागृहासमोर मांडली. माक सितमना पाण्यात पाडलं, बाहेर काढलं, टोपलीसाठी दोन मिनिटं शोक केला. बांधकाममंत्री डुलकीतून खडबडून जागे झाले आणि उभे राहून म्हणाले, "नवा धक्का मंजूर. पुढच्या महिन्यात काम सुरू." बाकं कडाडली. हाजींचे डोळे भरून आले.

बाहेर येताच त्यांनी घरी फोन लावला. "ऐकलंस?"

"पाहिलं," रोकिया म्हणाली.

"पाहिलं म्हणजे?"

"अहो, सकाळी त्या अंड्यांच्या बोंबाबोंबीला कंटाळून दुकानदाराने टीव्हीचा आवाज बंद केला. नंतर रिमोटच चालेना. दिवसभर तुम्ही उठत होतात, बसत होतात. शेवटी उभं राहून बराच वेळ तोंड हलवलंत."

हाजी पायरीवरच बसले. "म्हणजे तिकीट गेलं?"

"गेलं कसलं! पक्षाचे सेक्रेटरी इथेच बसलेत. माक सितम म्हणाल्या, पाच वर्षांत माणूस तोंड हलवायला लागला, आणखी पाच द्या, आवाजही फुटेल. सगळ्यांना पटलं. तिकीट पक्कं."

"अगं, पण धक्का मंजूर झाला! खुद्द मंत्री उठून म्हणाले, की पुढच्या—"

"बरं बरं, ते घरी आल्यावर सांगा. येताना रिमोटचे दोन सेल तेवढे आणा. बारीकवाले."