एकोणिसाव्या कारखान्याची व लागत्या वादीची हकीकत

श्री. विघ्नें वारणारा तो वारो, आणि वाणीची देवता लिहिणाराच्या बोटीं बसो, व ऐकणाराच्या कानीं त्याहून अंमळ अधिक बसो. धन्यानें पुसिलें कीं, लांकडी पायांचा कारखाना कैसा उभा राहिला आणि निळोपंतांनीं मानाचीं वस्त्रें कां घेतलीं नाहींत, म्हणोन घडलें तें सांगणें प्राप्त. शके सोळाशें पंच्याण्णव, विजयनाम संवत्सर. नांवाप्रमाणें विजय जाहलाही. परंतु नदीच्या उताराशीं गनिमाच्या तोफा ऐशा चालल्या कीं, जिंकून आले त्यांतल्या कित्येकांस गुडघ्याखालीं पाय नव्हता. महाराज तें पाहून फार कष्टी जाहले, आणि रथखान्याच्या सुतारांस आज्ञा केली कीं, यांस पाय करून द्यावे. मग काय विचारतां! सुतारांनीं सागवान काढिला, घोटून आरसा केला, बोटें कोरिलीं, नखांवर लाख चढविली, आणि एका हौशी बहाद्दरानें तर शिपायाच्या बोटांत जोडवेंही कोरून ठेविलें. दरबार वाहवा करूं लागला, आणि शिपाई ते पाय बांधून उठले, आणि दोन पावलें टाकितात न टाकितात तों धाडकन पडले. तेव्हां महाराज बोलिले, "चालणाराला कोणीं विचारिलें होतें काय?" मग हुकूम जाहला कीं, कारखाने अठरा आहेत, हा एकोणिसावा करावा, आणि पाय घडविण्याआधीं पाय बांधणारास विचारावें. नांव काय द्यावें म्हणतां एक कारकून पटकन बोलून गेला, "तोफांचा तोफखाना, तैसा पायांचा पायखाना!" सरदार पोट धरून हांसले, आणि कारकून तोंड लपवून पळाला, आणि नांव ठेवण्याचें राहूनच गेलें.

कारखान्याची मुखत्यारी निळोपंत दफ्तरदारांकडे आली. पंत हुशार, मनाचे मऊ, आणि हें काम त्यांस सरकारचें नव्हतें, घरचें होतें. पंतांची आई बाळंतपणांत वारली, तेव्हां शेजारच्या धोंडाई धामाळिणीनें आपला सटवोजी आणि हे पंत, ऐसे दोघे एकाच वेळीं अंगावर पाजून वाढविले. ते सटवोजी धामाळे पुढें पागेंतले नांवाजलेले स्वार जाहले, आणि त्याच उतारावर उजवा पाय देऊन आले. कोणी उचलूं लागलें तर सटवोजी शिव्या घालीत, आणि भिंत धरून उड्या मारीत ओटीवर येत. पंतांस म्हणाले, "निळू, दसऱ्याला सीमोल्लंघनाला मी चालत येणार. पालखी पाठवलीस तर तुझीच शेंडी धरीन." पंत हांसले, आणि घरीं जाऊन रडले, आणि कामास लागले.

मग पंतांनीं मोठ्या पासोडीवर एक घर रेखिलें. डाव्या भिंतीस पाय बांधणारांचे बोल, त्यांच्याच शब्दांत, पदरचें अक्षर न घालितां. जो बोल पुष्कळांच्या तोंडीं त्यास मान मोठा. वरल्या मजल्यावर कारागिरांचे उपाय, म्हणजे लांकूड कोणतें, तुटका पाय बसावयाची वाटी किती खोल, ती मांडीस आवळावयाची कातडी वादी किती रुंद. बोल आणि उपाय जेथें भेटती त्या खोलींत कुंकवाचा टिळा. भेट दाट तर टिळा ठसठशीत, नाहीं तर नुसतें बोट टेंकविलेलें. आणि छपरावर उपायांचीं आपसांतलीं भांडणें, कारण वाटी खोल करावी तर पाय जड होतो, आणि हलका करावा तर मोडतो. सुतार व कातडें शिवणारे जिनगर प्रथम कुरकुरले, मग त्या छपराशीं बसून एकमेकांचें ऐकूं लागले, जें त्या राज्यांत आजवर घडलें नव्हतें. घर खरोखर शहाणपणाचें होतें. पुढें जें जाहलें त्याचा दोष घरास कोणी देऊं नये.

मग साधे पाय नमुन्यास बांधून दिले, कांहीं दिवस वापरविले, आणि पंत एकेका शिपायापुढें स्वतः बसून पुसते जाहले, "पायाला काय काय लागतें?" एक बोलिला, "टाच चिखलांत रुततीया जी." तें लिहिलें. दुसरा बोलिला, "पायरी चढवत नाय." तेंही लिहिलें. आणि बहुतेक सर्व मांडीवर हात ठेवून म्हणाले, "वादी लागते." आतां त्या पागेची एक चाल. 'दुखतें' हा शब्द स्वारानें तोंडांतून काढूं नये; काढील त्यास सारी पागा 'बाळंतीण' म्हणून हांक मारी, आणि तें नांव मरेपर्यंत सुटत नसे. शिपायास दुखत नाहीं, फार तर लागतें. पंत पडले दौतलेखणीचे. त्यांनीं काय पाहिजे ऐसें पुसिलें होतें, त्यांस वादी पाहिजे ऐसें ऐकूं आलें. सटवोजींसही पुसिलें. ते म्हणाले, "वादी लागते गड्या." पंत म्हणाले, "किती?" ते म्हणाले, "फार." झालें! वादीच्या बोलास सर्वांहून मोठा मान पडला, आणि जिनगरांनीं दोन बोटांची वादी चार बोटांची केली, दुहेरी शिवली, आणि पितळी कडीनें आवळून दिली. दसऱ्यास सर्व शिपाई आपल्या पायांनीं शीव ओलांडून गेले, कोणी पडलें नाहीं, आणि सटवोजी सर्वांपुढें, मिशांस पीळ देऊन, घामानें निथळत. पंतांस घाम दिसला. त्यांनीं तो उन्हाचा मानिला.

कांहीं काळानें पंतांनीं पुन्हा पुसिलें, कारण ऐसें घर एकदां रेखून भागत नाहीं. उत्तर आलें, "पाय झकास, पंत. पण वादी लागते, आधींपेक्षां लागते." अरे देवा! पंतांनीं त्या बोलाचा मान आणखी वाढविला, आणि वादी सहा बोटें केली. जितकें लागे तितकी वादी रुंद, आणि जितकी वादी रुंद तितकें अधिक लागे, आणि दोहींकडे माणसें चांगलीं, कोणाच्या पोटांत पाप नाहीं. मग मार्गशीर्षांत सटवोजी कारखान्यावर येईनासे जाहले, आणि पंत नवी वादी घेऊन त्यांच्या घरीं गेले. सटवोजी वाकळेवर पडलेले, अंग तापानें फणफणलेलें, आणि पाय बांधलेलाच. धोंडाई म्हणाली, "सोड म्हणतें तर सोडीत नाय रे. निळूनं केलाय म्हणतो." पंत म्हणाले, "सटवा, ही बघ, आणखी रुंद आणलीय. तूंच म्हणालास ना, लागते?" सटवोजी त्या वादीकडे पाहत राहिले, मग हंसूं लागले, आणि हंसतां हंसतां धाप लागली. म्हणाले, "अरे शहाण्या, लागते म्हणजे लागते!" आणि पंतांचा हात धरून वादीखालीं घातला. तेथें कातडी नव्हती. पंतांनीं हात काढिला नाहीं. म्हणाले, "दुखतंय म्हणायचं होतंस रे. मला तरी!" सटवोजी म्हणाले, "तुलाच कसं म्हणूं? तूं केलेला पाय."

वैद्य आले, लेप जाहले, परंतु विष मांडींतून वर चढलें होतें, आणि अमावास्येस सटवोजी वारले. तिरडीस खांदा द्यावयास पागेंतले तेच शिपाई आले, तेच पाय बांधून, आणि दुसऱ्या कोणास हात लावूं देईनात. पंत मागून चालले, आणि वादी कोठें बसते तें त्यांस आतां ठाऊक होतें, म्हणोन एकेक पाऊल त्यांस पाहवेना. विसाव्याच्या दगडाशीं तिरडी टेंकविली, तेव्हां पंत त्या शिपायांपुढें मातींत बसले आणि हात जोडून म्हणाले, "दुखतंय म्हणा रे. तुमच्या पायां पडतों, एकदां म्हणा." मग त्यांतले वडील हवालदार कान्होजी ठोसर, तोफेपुढें मान न लवविलेले, मटकन खालीं बसले आणि बोलिले, "दुखतंय, पंत. लई दुखतंय." आणि मग दुसरा म्हणाला, आणि तिसरा, आणि म्हणतां म्हणतां ते दांडगे गडी लेकरांसारखे रडूं लागले. पंतांनीं आपल्या हातांनीं एकेकाची वादी सोडिली. पुढली वाट सटवोजींस पंतांनीं आणि सुतार-जिनगरांनीं खांद्यावर नेलें.

पुढें घर पुन्हा रेखिलें, आणि नियम जाहला कीं, बोलणाराच्या अंगास हात लावून पाहिल्याखेरीज बोलास मान देऊं नये. रुंद वादी गेली, कमरेस मऊ पट्टा आला, वाटींत लोंकर आली. ते पाय उत्तम जाहले, आणि शेजारच्या राज्यांतूनही माणसें मागावयास आलीं. महाराजांनीं पंतांस वस्त्रें देऊं केलीं, पंतांनीं तीं घेतलीं नाहींत, आणि दरबारांतून उठून धोंडाईकडे गेले आणि म्हणाले, "आई, आतां सारे सुखानं चालतात." म्हातारी तांदूळ निवडीत होती. तिनें सुपांतला एक खडा वेंचून टाकिला. मग म्हणाली, "बरं झालं. दोघांना पाजलं, त्यांतला तूं राहिलास. येत जा."

येणेंप्रमाणें एकोणिसावा कारखाना सिद्धीस गेला. त्यापासून चालते जाहले त्यांस गणती नाहीं, आणि धोंडाईचा लेक गेला. येथें लेखणी ठेविली.