तिसऱ्या कोटीचे मगदूम सर

मगदूम सरांनी आमच्या कॉलेजची भिंत एकदा ओल्या रंगासकट पुसली. तपासणी समिती येणार म्हणून पेंटरनं जिन्याजवळ गणिताचे आलेख काढले होते. एक्सचा घन असलेली, म्हणजे तिसऱ्या कोटीची बहुपदी होती, आणि तिची दोन्ही टोकं त्यानं झोकात वर वळवली होती.

"एक मिशी वर, एक खाली, बरं दिसत न्हाय सर," पेंटर म्हणाला.

"बरं दिसायला लग्नाचा मांडव हाय का ह्यो? कोटी विषम असली की एक टोक वर, दुसरं खाली. सम असली की दोन्ही एकीकडं. तुझ्यामाझ्या मर्जीवर न्हाय ते."

आणि सरांनी स्वतःच्या रुमालानं भिंत घासली. तिथं हिरवा डाग उरला. ते पर्यावरणाचं चित्र आहे, असं प्राचार्यांना समितीला सांगावं लागलं.

मी मराठी शिकवतो, दहावीला गणितात काठावर पास झालेला. त्यामुळं सरांचा माझ्यावर खास राग. चहा गार, पंखा हळू, पुस्तकातली आकृती तिरकी, चिडायला त्यांना काहीही पुरायचं. कुणी लांबण लावली की मध्येच तोडायचे, "कोटी किती ते सांगा आधी." म्हणजे मुद्द्याचं बोला.

गेल्या वर्षी अकरावीला अस्मिता आली. मलकापूरची, जन्मापासून दिसत नाही. तिला गणितच हवं होतं. उपप्राचार्यांनी बैठकीत गोड आवाजात सुचवलं, "आलेखाचा धडा तिला सोडून देऊ. तेवढे मार्क सरासरीनं देता येतील. बिचारीला कशाला त्रास?"

मगदूम सर उठले, तशी खुर्ची मागं पडली.

"बिचारी कोण? एक्सचा चौथा घात हाय, पुढं अधिक चिन्ह हाय, एवढं ऐकून तिनं सांगितलं, दोन्ही टोकं वर, वळणं जास्तीत जास्त तीन. डोळं असलेली साठ पोरं वहीत काय काढत्यात बघा जावा. शेवया नुसत्या. फुकटचं मार्क तिच्या तोंडावर मारायचं न्हाईत."

"सर, आवाज..."

"आवाज असाच हाय माझा."

संताप मलाही आला होता, पण मी खुर्चीतून उठलो नाही. ते एकटेच भांडले. शेवटी प्राचार्य म्हणाले, सहामाहीपर्यंत बघू. नाही जमलं तर धडा वगळायचा.

मग सरांनी पुठ्ठ्यांवर सुतळी चिकटवून आलेख केले. कॉलेज सुटल्यावर अस्मिता ते बोटांनी वाचायची. चुकली की सर तिच्यावरही तितकंच ओरडायचे, आणि ती हसायची.

"बाकीचे सगळे माझ्याशी हळू बोलतात," ती एकदा मला म्हणाली. "हे सर तेवढे रागावतात."

सहामाहीत तिनं पुठ्ठ्यावर टाचण्या टोचल्या, दोरा ओढला आणि तिसऱ्या कोटीचा आलेख उभा केला. दोन वळणं, टोकं विरुद्ध. सरांनी एक मार्क कापला. "अक्षाला नाव कुणी द्यायचं?" म्हणून खेकसले. धडा काही वगळला गेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एका कागदावर सही हवी होती, म्हणून मी उचगावला त्यांच्या घरी गेलो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, एवढं ऐकून होतो. दार उघडंच होतं. सर जमिनीवर बसून, डोळे मिटून एका पुठ्ठ्यावरून बोट फिरवत होते. भोवती पुठ्ठेच पुठ्ठे. खरं तर अस्मिता गावी गेली होती आणि धडाही संपला होता.

"कोण?"

"मी पाटील."

"बसा. डोळं मिटा."

त्यांनी माझं बोट धरून सुतळीवर ठेवलं. त्यांचा हात डिंकानं चिकट झाला होता. बोट वर चढलं, खाली उतरलं, पुन्हा वर गेलं.

"दोन वळणं," मी चाचरत म्हणालो. "म्हणजे तिसरी कोटी?"

"कमीत कमी तिसरी."

मी ओरड्याची वाट बघत राहिलो. तो आला नाही. मी खिशातून कागद काढला. सरांनी तो न बघताच बाजूला ठेवला आणि दुसरा पुठ्ठा माझ्यापुढं सरकवला.

"पाचवी हाय ही. हिला वेळ लागतो जरा," ते म्हणाले. "तुमास्नी घाई न्हाय न्हवं?"