शिरसाटांचा तरंगता धक्का

माझं पितळी घंगाळ सध्या शिरसाटांकडे आहे. त्यात ते आंघोळ करत नाहीत. थर्माकोलचा तुकडा तरंगवतात, त्याला चारी बाजूंनी दोऱ्या बांधतात आणि वर पंखा पाचवर सोडतात. बाळांनो, तुमच्या आजीच्या शेजारी असा माणूस राहतो.

शिरसाट वीजकेंद्रातून निवृत्त झालेले इंजिनियर. सासुरवाडी घोटीच्या पुढे. जुनं गाव धरणात गेलं, नवं टेकाडावर वसलं. गावकऱ्यांनी होडीत चढण्यासाठी पिंपांवर फळ्या ठोकून तरंगता धक्का केला. तो वाऱ्याने भरकटतो. कशाने बांधावा, एवढंच त्यांनी जावयाला विचारलं. या गोष्टीला दोन वर्षं झाली!

मी लोखंडी खांब रोवा म्हटलं, नको. साखळीने सिमेंटचे ठोकळे तळाशी सोडा म्हटलं, तर अंगावरच आले. "बाई, आधी तळ बघा, तळ!" हे त्यांचं पालुपद. भाजीवालीची टोमॅटोची पाटीही ते याच आवेशात उपसतात.

गेल्या पावसाळ्यात धक्का सुटला, तो दोन शिक्षिकांना घेऊनच. होडीने ओढून आणावं लागलं. सरपंचांचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते.

"जावईबापू, ठोकळे तयार हायेत. सोडू का?"

"नाही. काठाला दोर बांधू."

"आवो, पाणी चढलं-उतरलं की दोर आवळायचा, सैल करायचा. कोण करणार?"

"मी."

वय अठ्ठ्याहत्तर. आमचा जिना उतरताना दोनदा बसतात.

मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले. खरं सांगते, त्यांची फजिती बघायला. पाणी पार खाली गेलं होतं. जुना रस्ता उतरतो, होडी लागते, बरोबर तिथेच चिखलातून एक दगडी ओटा वर आला होता. शिरसाटांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि हातानेच ओट्यावरचा गाळ पुसू लागले.

"कमलचं घर," ते म्हणाले. "बघायला आलो, तेव्हा मला इथेच बसवलं होतं."

कमलताईंना जाऊन तीन वर्षं झाली.

"यावर ठोकळे सोडायचे होय, बाई?"

आता दर रविवारी सकाळच्या एसटीने ते दोर बघायला जातात. परवा घंगाळ परत घेऊन आले, चिंचेने लखलखीत घासून.

मी म्हटलं, "राहू द्या. पाणी चढायचंय अजून."