शून्य बालमृत्यूचं जंगल

एका जंगलात, बाळांनो, एकही बाळ मरत नसे. निदान फळ्यावर तरी नाही. नीट मांडी घालून बसा बघू. गोष्ट आरोग्याची आहे, आणि आरोग्याच्या गोष्टीत पेंगणाऱ्यांचा मला भारी राग येतो.

तिथले आरोग्य अधिकारी होते साळिंदरराव. वडाच्या बुंध्याला त्यांनी काळा फळा टांगला होता. त्यावर जन्म, मृत्यू आणि सरासरी वय रोज लिहिलं जाई. सरासरी वय तर काय, वाढतच होतं! कारण तरणीताठी जनावरं चाऱ्यापाण्यासाठी ओढ्यापलीकडच्या जंगलात निघून गेली होती. मागे राहिले म्हातारे, आणि त्यांत दीडशे वर्षांचे कासवआजोबा.

"बघा, आपल्या हवेत किती आयुष्य आहे!" साळिंदरराव येईल त्याला सांगत. दरवर्षी ते आजोबांना हार घालत. आजोबा तो खाऊन टाकत.

जन्म कमी झाले, म्हणून साळिंदररावांनी सुईणीची जागाच रद्द केली. मुंगूसकाकू बिचाऱ्या पिशवी उचलून पलीकडे गेल्या.

मग एके सकाळी चित्रा नावाची सशीण धापा टाकत वडाखाली आली.

"साळिंदरराव, कळा सुरू झाल्यात हो. काकूंना बोलवा ना!"

"काकू कुठल्या आता? यंदा आपल्याकडे एकही जन्म नाही. सुईण ठेवायची कशाला?"

"अहो, हा होतोय की!"

"होऊ दे आधी. झाला की कळवा. मग जागेसाठी अर्ज करू."

हसू नका रे. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

चित्रा एकटीच काकूंकडे निघाली. ओढ्यातल्या मधल्या खडकापर्यंत पोचली, आणि तिथंच तिला बाळ झालं. एवढंसं, गुलाबी. ते रडलंच नाही. काकू असत्या तर पाठीवर थापटी मारून त्यांनी त्याला रडवलं असतं. अशी कितीतरी पोरं त्यांनी रडवली होती.

ती परत वडाखाली आली. "लिहा," म्हणाली. "माझं बाळ गेलं."

साळिंदररावांनी चष्मा काढून पुसला. "फार वाईट झालं हो. पण ओढा आपल्या हद्दीत येत नाही."

"मग कुणाच्या हद्दीत येतो?"

"तसा कुणाच्याच नाही."

आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, बालमृत्यू शून्य.

आठ दिवसांनी वाघमहाराज स्वतः बक्षीस द्यायला आले. सोबत टोपलीभर खाऊ आणला होता.

"शाब्बास! कुठंयत ती गुटगुटीत पोरं? बोलवा त्यांना."

पोर तिथं एकही नव्हतं. मग चित्रा उभी राहिली. "माझं एक होतं, महाराज."

"ताई, खाली बसा, कार्यक्रम चालू आहे," साळिंदरराव म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांना टाळ्यांची खूण केली. म्हाताऱ्यांनी जमतील तशा वाजवल्या. खाऊ कासवआजोबांना दिला.

चित्रा तिथूनच उठून ओढ्यापलीकडे गेली, ती गेलीच. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं सरासरी वय आणखी वाढलं.

तात्पर्य: बाळांनो, जंगल निरोगी राहावं असं वाटत असेल, तर मुळात जन्मालाच येऊ नये. तुमच्या हातून ती चूक होऊन गेली आहे. आता निदान आजारी पडताना तरी हद्द ओलांडून पडा, म्हणजे साळिंदररावांना त्रास नको.