सरावाच्या वायूचा श्रावण

छावणीतल्या सरावाच्या वायूनं श्रावणात कुणालाही रडवणार नाही असा वसा घेतला, आणि पहिलं बोलावणं मला आलं.

मेजर बोकीलांनी मला बसायला खुर्ची दिली. आमचे हे, म्हणजे सुभेदार नलवडे, भिंतीशी सावधान उभे होते. विषारी वायूचा किंवा रोगजंतूंचा हल्ला झाला तर जीव कसा वाचवायचा, हे ते जवानांना शिकवतात. वायू त्यांच्याच हाताखाली नोकरीला आहे.

"वहिनी," मेजर म्हणाले, "वायूला वसा तुम्ही दिलात?"

"त्यांनी मागितला, साहेब. मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही."

"त्यानं रजा मागितली असती तर दिली असती."

"वसा म्हणजे रजा नव्हे. वायूभावोजी रोज कामावर येतात ना?"

"येतो. वेळेवर येतो. आणि कोपऱ्यात उभा राहतो."

काम काय ते सांगते. मैदानापलीकडे एक बिनखिडक्यांची खोली आहे. जवान मास्क लावून आत जातात आणि वायू खोलीभर पसरतो. मग प्रत्येकानं मास्क वर उचलायचा, मोठ्यानं नाव आणि गाव सांगायचं, डोळ्यांची आग सोसायची आणि मास्क परत घट्ट बसवायचा. एकदा डोळे झोंबले की माणूस मास्कचा पट्टा जन्मात ढिला सोडत नाही. हे नेहमी म्हणतात, "पट्टा कसा आवळायचा ते मी शिकवतो. का आवळायचा ते वायू शिकवतो."

"दुसरं कुणी नाही का, साहेब?" मी विचारलं.

"सरावाच्या जंतूंना विचारलं. ते म्हणाले, आमचं खातं पोटाचं, डोळ्यांचं नाही." मेजरांनी सुस्कारा टाकला. "वसा कधी संपतो?"

"श्रावणाबरोबर."

"तुकडी तिसऱ्या शुक्रवारी सीमेवर निघतेय."

हे मला माहीत होतं. त्या तुकडीत आमचा मुलगा दिगू होता.

आता वसा कसा घेतला गेला तेही सांगायला हवं. भावोजी संध्याकाळी आमच्या मागच्या दाराशी येऊन बसत. बसत म्हणजे उंबऱ्यालगत साठून राहत. स्वभावानं अतिशय गरीब. पण ते आले की माझ्या डोळ्यांना धार लागायची, फोडणीत मिरची जळावी तसा ठसका लागायचा. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी तेव्हाच कांदा चिरायला घ्यायची. ते विचारायचे, "वहिनी, डोळ्यांत पाणी?" मी म्हणायची, "मेला कांदाच तिखट आहे." सगळं वर्ष असं निघालं.

श्रावणात मात्र आमच्याकडे कांदा येत नाही.

पहिल्या शुक्रवारी मी जिवतीची पूजा केली आणि कहाणी वाचायला बसले. भावोजी दाराशी होते. वाचता वाचता डोळे वाहायला लागले. त्यांनी घरभर नजर टाकली. विळी जागेवर उभी होती, परडी रिकामी होती.

"वहिनी, कांदा नाही."

मी पदरानं डोळे पुसले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

जिवतीच्या दिवशी लेकराला रडवू नये, असं मी नुकतंच शेजारच्या शकूला सांगितलं होतं. तेही त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "मला वसा सांगा. श्रावणभर मी कुणालाच रडवणार नाही."

"वसा कशाला हवा? उताल, माताल."

"उतणार नाही, मातणार नाही."

वायूच्या तोंडी हे वचन लहान नव्हतं. मी त्यांना सुपारी दिली. म्हणजे उंबऱ्यावर ठेवली, आणि ते तिच्याभोवती उभे राहिले.

मला फार बरं वाटलं होतं. रविवारी दिगू जेवायला येईपर्यंत.

दिगूची दाढी वाढली होती. आमच्या पलटणीत श्रावण पाळणाऱ्यांना दाढीची सूट जुनीच आहे, आणि दिगूला श्रावण पाळायला मीच शिकवलेलं. ह्यांनी जेवता जेवता हात धुतला, मास्क आणला आणि त्याच्या तोंडावर चढवला. मास्क आणि गाल यांच्यामधून ह्यांचं बोट सहज आत गेलं.

"केसांवर रबर बसत नाही," हे म्हणाले. "इथून वायू आत शिरेल."

"रोज खोलीत जातो, बाबा. काही शिरत नाही. साधं चुरचुरतसुद्धा नाही."

"अरे, तो कोपऱ्यात उभा असतो!"

"मग नियम सांगा. गळका मास्क ओळखायचा कसा?"

ह्यांनी मान खाली घातली. "डोळ्यांत पाणी आलं तर."

"कुणाच्या आलंय?"

"कुणाच्याच नाही."

"मग गळत नाही. आई, अजून एक दिंड वाढ ना. आणि बाबांना सांग, श्रावण मोडायला लावू नका."

"दिगू, कर रे दाढी," मी म्हटलं. "देवाला मी सांगते."

"तू सांगशील एकट्याचं. बाकीच्या पोरांचं कोण सांगणार? सगळ्यांच्याच दाढ्या आहेत. मी एकटा केली तर म्हणतील, सुभेदाराचं पोरगं भ्यालं."

मेजरांकडेही हेच झालं. दाढी उतरवण्याचा हुकूम गळक्या मास्कवरच निघतो, आणि छावणीत एकही मास्क गळका ठरला नव्हता. हे म्हणाले, "सीमेपलीकडचा वायू काही श्रावण पाळत नसतो." त्या रविवारी हे ताक न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दारात पाट टाकून बसले. भावोजी आले. वशामुळे त्यांनी स्वतःला इतकं आवरून धरलं होतं की कुंपणालगतची जास्वंदसुद्धा हलली नाही.

"भावोजी, एक मागायचंय."

"वसा टाकायला सांगू नका, वहिनी. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर हसलं. काल खोलीत एका जवानानं विनोद सांगितला."

"म्हणून तर जीव टांगणीला लागलाय. टाकू नका वसा, माझ्याकडे द्या. घरात एकीला अडचण आली की तिची पूजा दुसरी जाऊ करते. वसा चालू राहतो, करणारे हात बदलतात."

ते बराच वेळ उंबऱ्यावरून वर-खाली झाले.

"उरलेला श्रावण तुमच्यामुळे कुणी रडता कामा नये," ते म्हणाले. "झेपेल?"

"मी कुणाला काय रडवणार?"

"दिगू जाईल तेव्हा?"

ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दिगू मोठा झाला, पण माझे डोळे भरले की त्याचे भरणारच. शाळेत सोडताना, भरतीला जाताना, दरवेळी तेच. आधी मी, मग तो.

"झेपेल," मी म्हटलं आणि सुपारी उचलून घेतली.

दुसऱ्या दिवशी खोलीतून सगळी तुकडी खोकत, नाकं गाळत, एकमेकांना धरत बाहेर आली. दिगू मैदानात गुडघ्यांवर बसून रडत होता आणि हे त्याच्या डोळ्यांवर पाणी मारत म्हणत होते, "शाबास! गळतोय! शाबास!" मेजरांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. न्हाव्याला जेवायला फुरसत मिळाली नाही. त्यानंतर जवान रोज खोलीत गेले आणि रोज कमी रडले. शेवटी तर वायूचा वास आला की हातातलं काम टाकून सगळ्यांचे मास्क आपोआप चढायला लागले, आणि मग खोलीत फक्त भावोजी थकायचे.

इकडे मी वसा सांभाळत होते. आमटीतली मिरची बंद केली. ("बरं झालं," हे म्हणाले, "तुझ्या फोडणीनं अर्धी लाईन रडायची.") शकूच्या पोराचा चेंडू माझ्या अंगणात आला की लगेच परत टाकायची. माहेरून वाईट बातमीचा फोन आला, तो मी कुणाला सांगितला नाही. हे सगळं जमलं. पण शुक्रवार जवळ येत होता.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी ट्रक गेटपाशी लागला. मी दिगूला ओवाळलं. त्याचे गाल गुळगुळीत होते आणि हनुवटीवर वस्तऱ्याचा एक बारीक काप होता. तो वाकला. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझे डोळे भरायला लागले. मी दिव्याकडे बघितलं, ट्रकच्या चाकाकडे बघितलं. त्याच्याकडे बघायची सोय नव्हती.

"आई, इकडे बघ की."

"वाती नीट करतेय रे."

"रागावलीस?"

आता त्याचाच आवाज कापायला लागला. मी नाही बघितलं तरी तो रडणार होता, आणि बघितलं तरी रडणार होता. तो ट्रकमध्ये चढला. इंजिन सुरू झालं. मी मान वर केली.

तेवढ्यात माझ्या नाकाला ओळखीची झिणझिण आली.

गेटवरच्या पहारेकऱ्यानं डोळे चोळले. शकूला ठसका लागला. मेजर बोकीलांनी चष्मा काढला आणि रुमाल शोधायला लागले. ट्रकमधून कुणीतरी "गॅस!" म्हणून ओरडलं, आणि पापणी लवायच्या आत सगळ्यांचे मास्क चढले, पट्टे आवळले गेले. जोडीदारांनी एकमेकांच्या मानेमागे हात फिरवून पाहिले. ह्यांनी वाहत्या डोळ्यांनी एकेक मास्क तपासला आणि अंगठा वर केला.

गेटवरच्या सगळ्या आया रडत होत्या. मीही रडले, चांगली हुंदके देऊन, पदर न लावता. त्यात माझा काही हात नव्हता.

ट्रक हलला. दिगू काचेमागून थेट माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे कोरडे होते. वायूचा एक कणही आत शिरला नव्हता.

धूळ बसल्यावर भावोजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"श्रावण आहे, वहिनी," ते म्हणाले. "तुमच्या घरात कांदा नाही. म्हटलं, आपण यावं."

"बरं केलंत," मी म्हटलं. "घरी चला, दूधसाखर ठेवलीय."

परगावच्या लेकरांसाठी जिवतीच्या शुक्रवारी चारी दिशांना अक्षता टाकतात. मी तिथेच ताटातल्या अक्षता घेतल्या आणि टाकल्या. तीन दिशांच्या खाली पडल्या. ट्रक गेला त्या दिशेच्या पडल्या नाहीत.