अस्सल लाकडाची मोटार

एका जंगलात, मुलांनो, एक मोटार होती. जंगलात मोटार कशी, असं विचारू नका. पुढे समिती येणार आहे, तेव्हाही विचारू नका.

मोटार दत्तोबा अस्वलाची. वडिलांच्या वेळची, लांबलचक. पुढचं अंग पत्र्याचं, मागचं लाकडी चौकटीचं. मागची दारं, काचा, टप, सगळं त्या चौकटीच्या जिवावर. बाजाराच्या दिवशी दत्तोबा गाडी चालवायचे आणि त्यांच्या पत्नी सुभद्राबाई मागे मधाच्या बरण्या धरून बसायच्या.

एकदा त्या म्हणाल्या, "अहो, दार हातात आलंय."

"मग नीट धर."

"धरलंय. पण ते आता गाडीला नाहीये."

वामन सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने चौकटीवर चार ठिकाणी चोच मारली आणि कान लावून ऐकलं.

"दत्तोबा, आत नुसता भुसा आहे. सागाची नवी चौकट करतो. महिनाभर गाडी माझ्याकडे सोडा. आणि तोवर वहिनींना मागे बसवू नका. टप डोक्यात पडेल."

दत्तोबांना पटलं. पण गाडीला वारसा समितीचं प्रमाणपत्र होतं. समितीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब येऊन लांबूनच गाडी बघून गेले. जाताना म्हणाले, "लाकूड बदललं की गाडी अस्सल राहत नाही. प्रमाणपत्र रद्द होईल. वारसादिनाला स्वतः महाराज येणार आहेत."

"साहेब, पण लाकूड कुजलंय," वामन म्हणाला.

"कुजलेलं असलं तरी अस्सल आहे. पॉलिश करा."

दत्तोबांनी दोन दिवस विचार केला. एकीकडे बायको, दुसरीकडे प्रमाणपत्र. प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलेलं होतं, चार लोक बघायचे. पॉलिशवाल्या माकडाने सात हात दिले. लाकूड असं चमकलं, की येणारेजाणारे त्यात बघून भांग पाडू लागले. वामनला मात्र फार वाईट वाटलं. तो दोनदा सांगायला आला, दोन्ही वेळा त्याला चहा देऊन परत पाठवलं.

वारसादिनी गाडी सिंहमहाराजांसमोर उभी राहिली. सुभद्राबाई नवं लुगडं नेसून मागे बसल्या होत्या. महाराजांनी कौतुकाने टपावर थाप मारली.

टप खाली आला. सुभद्राबाईंचा खांदा मोडला.

लगेच चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष कोल्हेसाहेबच. त्यांना ढिगाऱ्यात चोचीच्या चार खुणा सापडल्या.

"या कोणाच्या?"

"माझ्या," वामन म्हणाला. खरं बोलायची सवय होती बिचाऱ्याला.

दत्तोबांनी साक्ष दिली, "यानं ठोकेपर्यंत गाडी चांगली चालत होती." सुभद्राबाईंना काही सांगायचं होतं, पण त्या दवाखान्यात असल्यामुळे त्यांचा जबाब घेतला नाही.

वामनला जंगलात कुठेही चोच मारायला बंदी झाली. ढिगाऱ्यातल्या पॉलिशवर एक ओरखडा नव्हता, म्हणून माकडाला शाल आणि नारळ मिळाला.

तात्पर्य : मुलांनो, कुजलेली वस्तू कुजल्यामुळे पडत नाही, कुजली आहे असं कुणी सांगितल्यामुळे पडते. तेव्हा मोठेपणी पॉलिशचं काम शिका.